स्टेशन ते घर, व्हाया लोचो

"पोट खाली शे ना? मंग चला!"

सुरत स्टेशनवर उतरलेल्या कुठल्याही पाहुण्याला नानांचा हा पहिला प्रश्न असायचा. प्रवास कसा झाला, घरचे कसे आहेत, हे सगळं नंतर. पाहुणा पुरुष असेल तर त्याच्या पट्ट्याकडे बोट दाखवून, "एक भोक सैल करा," असा हुकूमही सुटायचा.

नाना आमचे शेजारी. कडोदऱ्याच्या एका कापडाच्या कारखान्यात लूमवर मास्तर होते. सारी गल्ली त्यांना नाना म्हणायची, त्यामुळे त्यांचं खरं नाव विचारायचं माझ्याकडूनही राहून गेलं. आता ते शिरपूरकडच्या आपल्या गावी गेलेत आणि शेजारी दुसरं बिऱ्हाड आलंय. चांगली माणसं आहेत, पण त्यांच्याकडे आलेले पाहुणे पोट धरून रिक्षातून उतरत नाहीत.

तुम्ही त्या दिवसांत सुरतेला आला असतात, तर तुम्हीही नानांच्या तावडीतून सुटला नसतात. त्यांचा मार्ग ठरलेला. आधी लोचो, म्हणजे वाफवलेल्या चणाडाळीचा मऊ लगदा, तोही गरम, वर तेल आणि शेव. मग आलू पुरी. मग डोळे पांढरे होईपर्यंत घट्ट थंडगार कोको. पाहुणा गोड खाणारा निघाला तर तुपात घोळलेली माव्याची घारी. "थोडं द्या" हा शब्द त्यांना चालत नसे. माझे सासरे अकोल्याचे, पथ्याचे आणि करड्या शिस्तीचे. त्यांनी पहिली प्लेट संपवली आणि नुसती पुढे केली. दुसऱ्या प्लेटसाठी. संध्याकाळी ओवा चावत पडले होते, तरी म्हणत होते, "माणूस अघोरी आहे, पण जागा बरोबर दाखवतो."

गंमत म्हणजे नाना स्वतः काहीच खात नसत. समोर बसून पाहुण्याचं तोंड बघत. पहिल्या घासाला भुवया वर गेल्या की मांडीवर थाप मारत आणि माझ्याकडे, म्हणजे शाळेच्या बाईंकडे, वळून विचारत, "देखा ना बाई?" जणू लोचो त्यांनीच वाफवला होता.

आता त्यांच्या मुलीची, वैशूची गोष्ट सांगते. दोंडाईच्याहून तिला बघायला मंडळी येणार होती. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक काका. स्थळ चांगलं होतं, आणि मुख्य म्हणजे फोटो बघून वैशू लाजली होती. नानांच्या बायकोला आम्ही माई म्हणायचो. माईंनी आदल्या दिवसापासून नानांना बजावलं होतं, "स्टेशनवरून सरळ घरी आणा." नानांनी गळ्याची शपथ घेतली.

मी स्वयंपाकघरात मदतीला होते. पोहे झाले, वर खोबरं-कोथिंबीर पडली, पाहुण्यांचा पत्ता नाही. शेवटी आले ते एकेक पायरी मोजत चढल्यासारखे. काका बसले आणि बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. वैशूनं पोह्यांच्या बश्या पुढे केल्या. मुलाच्या आईनं हात जोडले, "नको गं बाई, आत्ताच खाऊन आलो."

आत माईंनी हातातली कपबशी खाली ठेवली. तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल, पण नाना-माईंच्या गावाकडे मुलगी पसंत नसली की पाहुणे तोंडावर नाही म्हणत नाहीत. एवढंच म्हणतात, "आत्ताच खाऊन आलो." ताटाला हात लावत नाहीत आणि उठतात. तसेच हेही उठले. काकांना उठवावं लागलं. वैशू माझ्याजवळ आली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

पाहुणे गल्लीच्या टोकाला पोचले असतील नसतील, तोच माईंनी तोंडाला पदर लावला. "हाई काय करी ठेवं तुम्ही!"

"सरळच आणं ना," नाना पुटपुटले. "लोचो रस्तामाच व्हता. मंग आलू पुरी..." सवयीनं आवाजात जरासा उत्साह आला. "आणि कोको तर असा भारी..." माईंनी वर बघितलं. नाना पलंगाच्या कडेला बसले. मग हळूच म्हणाले, "उपाशीपोटी ह्या खोलीमा बसनात तर भिंती मोजतीन ना."

दीड खोलीचं ते घर. वरच्या माळ्यावर गाद्या, खिडकीखाली मोरी. मला तेव्हा कळलं, की हा माणूस इतकी वर्षं सगळ्यांना शहर का खाऊ घालत होता. मला फार वाईट वाटलं आणि त्यांचा रागही आला.

माईंनी मात्र पोहे डब्यात भरले, नानांच्या हातात दिले आणि मला म्हणाल्या, "बाई, तुम्ही संगे जा. नाहीतर हे आजून कोठेतरी थांबतीन."

गाडी लेट होती, हे आमचं नशीब. पाहुणे फलाटावरच्या बाकावर बसले होते. नाना त्यांच्यापुढे डबा धरून उभे राहिले. "मन्ही चूक शे. पोरनी काही चूक नही. तिना हातना दोन घास खा."

मुलाच्या आईनं डब्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, आणि नानांना म्हणाल्या, "अहो, आम्हाला वाटलं तुम्हालाच सोयरीक नको. पोरीचा बाप पाहुण्यांना बाहेरच जेवू घालून आणतो, म्हणजे घरातलं खाऊ द्यायचं नाही, असंच ना?"

मी हसू दाबायला तोंडावर रुमाल धरला. दोन्हीकडची माणसं एकाच चालीरीतीनं एकमेकांना नकार देऊन बसली होती.

डबा उघडला. एव्हाना लोचो जिरला असावा. मुलाच्या आईनं घास घेतला आणि नाना त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. शेकडो तोंडं बघितलेला तो माणूस त्या दिवशी श्वास घ्यायचा विसरला होता. त्या सावकाश चावत होत्या. भुवया वर गेल्या.

"मिरची जास्त झालीय," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे आली की कमी करेल."

नानांना मांडीवर थाप मारायचंही सुचलं नाही. काका तेवढे जागे झाले आणि डबा पुसून मोकळे झाले.

लग्नानंतर वैशू पहिल्यांदा माहेरी आली, तेव्हा मी शाळा सुटल्यावर नानांबरोबर स्टेशनवर गेले. ती गाडीतून उतरली, हातभर हिरव्या बांगड्या. नाना बॅग उचलून नेहमीचा प्रश्न न विचारताच चालू लागले. शेवटी तीच म्हणाली, "पप्पा, विचारा ना! पोट खाली शे माझं!"

नानांनी बॅग रिक्षात ठेवली. रिक्षावाला ओळखीचा. लोचोच्या दुकानाशी आल्यावर त्यानं सवयीनं वेग कमी केला. "नाना, उभी राखुं?"

"ना भाई, सीधी घेर," नाना म्हणाले. सरळ घरी. मग माझ्याकडे न बघता, रस्त्याकडे तोंड करून पुटपुटले, "माईनी पोहा करेल शेतस. वैशू काय पाव्हनी शे का?"

आणि नानांची रिक्षा त्या दुकानावरून पहिल्यांदाच न थांबता पुढे गेली.