दोन मात्रा

गिटारच्या तारा बदलल्या की बोटांना लोखंडी वास येतो आणि मला डोंबिवलीच्या घरातली ती दुपार आठवते. मी लिहिलेले पहिले गाणे त्या संध्याकाळी ठाण्यातल्या एका लहान सभागृहात म्हणायचे होते. शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाबांनी वही मागितली आणि ‘मी आलेलो’भोवती लाल गोल काढला.

“अरे, ‘आलो होतो’ लिही.”

“बाबा, इथे सगळे असंच बोलतात.”

“सगळे चुकतात, म्हणून तूही?”

मी वही मिटली. ‘तुम्ही याल का?’ हे विचारायचे राहूनच गेले.

संध्याकाळी ते मला शेवटच्या रांगेत दिसले. त्या ओळीपाशी मी क्षणभर अडखळलो, पण ‘मी आलेलो’ असेच गायलो.

परतताना भीतभीत विचारले, “राग आला?”

“‘आलो होतो’मध्ये दोन मात्रा जास्त होतात,” ते म्हणाले. “तुझंच राहू दे. मी मोजून पाहिलं.”

तेव्हा मला एवढेच वाटले, की सुटलो. आता मीही मुलांना गाणी बसवायला शिकवतो, तेव्हा लक्षात येते: मात्रा कागदावरही मोजता येतात, पण चालीला जास्त होतात का हे कळायला ओळ म्हणूनच पाहावी लागते. म्हणजे बाबांनी माझे गाणे मनातल्या मनात म्हटले होते, दोन्ही प्रकारे.