रोजचं एक वाक्य

आमचे हे उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्तर. दोनदा केमो देऊनही ह्यांचा रक्ताचा कॅन्सर उलटला, तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी नवा उपाय सांगितला. ह्यांच्याच रक्तातल्या लढणाऱ्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवायचं आणि परत ह्यांच्याच अंगात सोडायच्या. मी म्हटलं, घरचीच माणसं कामाला लावायची ना, मग लावा.

पेशी चढवल्या तेव्हाच डॉक्टरांनी बजावलं, की काही दिवस मेंदूवर परिणाम होऊ शकतो. वेळेत कळलं तर औषध आहे, उशीर झाला तर जिवावर बेतेल. म्हणून सिस्टर रोज येऊन विचारायची: साल कुठलं, गाव कुठलं, हातातल्या पेनला काय म्हणतात. शेवटी कागदावर एक वाक्य लिहायचं, मनाला येईल ते. सिस्टर केरळची, तिला मराठी वाचता येईना, म्हणून मी वाचून अर्थ सांगायचे.

मनाला येईल ते म्हटल्यावर ह्यांना मोकळं रानच मिळालं! 'चहा पांचट आहे.' 'हिला बदलापूरला पाठवा, फार बोलते.' बावीस वर्षं बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात संसार केला, पण कौतुकाचा एक शब्द नाही. मी चिडायचे. "अहो, बायकोबद्दल एक तरी चांगलं लिहा की!"

"खोटं लिहिलं तर मार्क कापतील," म्हणायचे.

सहाव्या दिवशी सगळी उत्तरं बरोबर आली. मी कागद घेतला. 'माझी बायको फार चांगली आहे.' अक्षर सुरेख. मी दोनदा वाचलं.

"सिस्टर, डॉक्टर को बुलाओ. ये ठीक नहीं हैं."

अर्थ सांगितला तर ती हसायलाच लागली. "ये तो अच्छा है ना!"

"अगं बाई, हा माणूस असं लिहीत नाही!" मी मराठीतच ओरडले. ती बिचारी तशीच धावली.

डॉक्टर येईपर्यंत ह्यांना पेनचं नाव आठवेना. लगेच स्टेरॉईड सुरू केलं. दोन दिवस कागदावर नुसत्या रेघोट्या. ज्या हाताने आयुष्यभर कापड सरळ कापलं, त्याच्या रेघोट्या मला बघवेनात. कौतुक मागितलं म्हणून माझाच मला राग यायचा.

तिसऱ्या दिवशी वेडंवाकडं लिहिलं, 'चहा द्या. पांचट असला तरी चालेल.' वाचता वाचता मला रडू फुटलं. सिस्टरला वाटलं, परत बिघडलं. "नहीं गं," मी म्हटलं, "हमारा आदमी वापस आया."

आता तपासणीला जातो. सध्या कॅन्सर दिसत नाही, म्हणतात. त्या सकाळचं ह्यांना काहीच आठवत नाही. कौतुकाचा कागद मी फाडून टाकला. चहाचा पर्समध्ये आहे.