छाटणीच्या हंगामातला मनाई हुकूम

तात्पुरता मनाई हुकूम केव्हा द्यावा आणि केव्हा देऊ नये, हे मला आमच्या द्राक्षबागेनं शिकवलं. ऐंशीच्या आसपासची गोष्ट, पण आजही आठवली की डोकं फिरतं.

बाग ओझरजवळ, वडिलांनी स्वतः लावलेली. जमिनीची वाटणी मात्र दोघा भावांत तोंडीच झालेली. बागेला चांगला माल यायला लागला, तेव्हा धाकट्या चुलत्यांना आठवलं की तो तुकडा आपल्या वाट्याचा. त्यांनी नाशिकच्या कोर्टात दावा लावला. कोर्टानं दोघांनाही बजावलं, पुढचा हुकूम होईपर्यंत परिस्थिती 'जैसे थे' ठेवा. दसरा तोंडावर होता, म्हणजे ऐन छाटणीचे दिवस. ती चुकली की वर्षाचे घड गेले.

वडील सरळमार्गी. जैसे थे म्हणजे कात्री लावायची नाही, असंच त्यांनी धरलं. त्यांनी लावलीच तर कोर्टात सांगायला चुलते बांधावर बसून होतेच. मी वकिलांना गाठलं. ते म्हणाले, कोर्ट तीन गोष्टी बघतं: सकृद्दर्शनी हक्क कुणाचा, गैरसोय कुणाची जास्त आणि भरून न येणारं नुकसान कुणाचं. छाटणीच्या परवानगीचा अर्ज दिला. एकदा साहेब रजेवर, एकदा समोरच्यांनी मुदत मागितली. अरे, जमीन राहील जैसे थे, वेल कशी राहील? हुकूम देण्याआधी शेतात काय उभं आहे, एवढं तरी कुणी विचारायला नको? पडीक रान आणि फळबाग, दोन्हींना एकच औषध.

शेवटी मी वडिलांना म्हणालो, होईल ते होईल, छाटून टाकू.

"कोर्टाचा शब्द हाय," ते म्हणाले. "मी मोडला तर उद्या त्यानं बी मोडावा काय?"

चिडून मी कात्री कोपऱ्यात फेकली आणि पुन्हा वकिलांकडे गेलो.

हुकूम उठला तेव्हा पौषातली थंडी पडली होती. आता छाटून वेल धड फुटणार नव्हती. वकील मात्र खुशीत होते, जिंकलात म्हणाले. चुलते अपिलाची भाषा करत निघून गेले.

घरी आल्यावर वडिलांनी सांगितलं, बाग मोडायची आणि कांदा लावायचा. मी भडकलो. एवढं जिंकून, आपल्याच हातानं?

"कांदा चार महिन्यांत निघतो," ते म्हणाले. "तेवढ्यात कोर्ट नाय पोचत."