माझ्याच रक्ताची गढूळ नळी

आधीच सांगतो, मी पॅथॉलॉजिस्ट आहे. नांदेडला माझी लॅब आहे. दृष्ट लागली, करणी केली असलं कुणी बोललं की मी त्याला आधी हिमोग्लोबिन तपासून घ्यायला सांगतो. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय...

आमच्याकडे सिकलसेलची तपासणी रोजची. आईबापाकडून पोरांत उतरणारा रक्ताचा आजार. तपासणी सोपी – नळीत औषध, त्यात थेंबभर रक्त, मागे काळी रेघ. रेघ दिसली तर ठीक, नळी गढूळ होऊन रेघ झाकली गेली तर दोष. औषध नीट आहे ना हे कळावं म्हणून शेजारी एका निरोगी माणसाच्या रक्ताची नळी लावायची. बारा वर्षं ते निरोगी रक्त माझंच. फुकट आणि हाताशी!

गेल्या वर्षी एका सकाळी आमचे टेक्निशियन अन्वरभाई नळ्या घेऊन आले. "सर, तुमचीच नळी गढूळ होऊन राहिली."

"औषध खराब असेल. नवीन बाटली फोडा."

फोडली. माझं रक्त पुन्हा काढलं. तरी रेघ गायब! पेशंटच्या नळ्या मात्र बरोबर. तीन दिवस हेच. शेवटी माझा नमुना हैदराबादच्या मोठ्या लॅबला पाठवला. रिपोर्ट – नॉर्मल. इकडे नळी मात्र गढूळच.

पण त्या दिवसांत झोप उडाली आणि एक गोष्ट डोक्यात घुसली. गावभरच्या पोरापोरींना मी लग्नाआधी तपासलं, घरच्या एकालाही नाही. दिव्याखाली अंधार! माझी भाची सोनल, कंधारच्या ताईची मुलगी. तिचं लग्न ठरलं होतं, मुलगा शिरूर अनंतपाळचा. मी तडक कंधार गाठलं.

ताई भडकलीच. "सुपारी फुटली हाय! आता रगत काढून लोकायला काय सांगू? पोरीत खोट हाय म्हनून?"

सोनलनंच हात पुढे केला. ती वाहक निघाली. मग तिनंच मुलालाही तपासायला लावलं... तोही वाहक. म्हणजे दोघं ठणठणीत, पण होणाऱ्या प्रत्येक मुलाला आजाराची भीती – चारांत एक.

सोनलचा रिपोर्ट माझ्या हातात आला, त्याच दिवशी माझी नळी स्वच्छ झाली. मी योगायोग म्हणून सोडून दिलं.

दोघांनी सगळं समजून-उमजून लग्न केलं. आता सोनलला तिसरा महिना आहे. गर्भाचा नमुना हैदराबादला गेलाय, रिपोर्ट शुक्रवारी.

परवा सकाळी अन्वरभाई माझ्यासमोर माझीच नळी धरून उभे राहिले. रेघ दिसत नव्हती.

औषध बदललं, नळ्या बदलल्या, दुसऱ्या हाताचं रक्त घेतलं. कारण सापडलं नाही, मागच्या वेळचंही सापडलेलं नाही. वाचणाऱ्यांत कुणी डॉक्टर असेल तर कृपा करून सांगा, मी कुठे चुकतोय. खरंच चुकत असेन तर फार बरं होईल.

सोनलचा रोज फोन येतो. "मामा, काही कळलं का?"

"न्हाई गं बाई," मी म्हणतो, "अजून काहीच न्हाई."