पडद्यावरच्या अर्थिंगला खडेमीठ

हिंगोलीजवळच्या एका खासगी तंत्रनिकेतनात मी कंत्राटी मास्तर होतो. दोन हजार सालानंतर कधीतरी तिथं नवे कॉम्प्युटर आले आणि पाठोपाठ तपासणी समिती यायची ठरली. संस्थाचालकांना आम्ही साहेब म्हणायचो. ते म्हणाले, "कॉम्प्युटरवर अ‍ॅम्प्लिफायर चालवून दाखवा. चालला तर तुमची कंत्राटाची ऑर्डर वाढंल. न्हाई तर गावाकडं कुरुंद्याला जाऊन हळद शिजवा."

सर्किट मीच काढलं. खरी वायर नाही, खरा ट्रांझिस्टर नाही, सगळं पडद्यावरचं चित्र. समिती दुपारी यायची होती. सकाळी बटण दाबलं, तर बारा व्होल्टच्या बॅटरीवर आउटपुट कोटीत! आणि बाहेर भारनियमनानं गावं रात्ररात्र अंधारात.

साहेबांनी पडदा पाहिला. "अर्थिंग गेलं! काहून सांगितलं न्हाई?"

"साहेब, हे नुसतं चित्र आहे. भिंतीतल्या विजेशी त्याचा काही संबंध नाही."

"आकडा तर खराच दिसून राहिला ना?"

शिपायाला हाक गेली. मीठ-पाण्यानं अर्थिंग सुधारतं म्हणून इमारतीमागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात खडेमिठाचं पोतं रिकामं झालं, वर पाण्याच्या बादल्या. साहेब स्वतः मीठ कालवत होते. मधूनच खिडकीतून मला विचारायचे, "उतरला का आकडा?"

"नाही साहेब."

"अजून टाक रे!"

इकडं मी घामाघूम. रेझिस्टर तपासले, बॅटरीची दिशा तपासली. दुपार झाली तेव्हा कुठं नजर चित्राच्या तळाशी गेली. ग्राउंडची खूणच काढायची राहिली होती! सगळी व्होल्टेजं जिथून मोजायची ती शून्याची जागाच नाही, मग कॉम्प्युटर मनाला येईल ते ठोकून देणार. खूण टाकली. आउटपुट सहा व्होल्ट, शहाण्या लेकरासारखं.

तेवढ्यात समिती आत आली. मीठ-पाण्याची धावपळ पाहून अध्यक्षांनी विचारलं, बिघाड काय होता? मी छाती काढून म्हणालो, "सर, सर्किटला ग्राउंड नव्हतं."

साहेब ओल्या हातांनीच आत शिरले. "ग्राउंड म्हंजे?"

"म्हणजे अर्थिंगच म्हणा," अध्यक्ष म्हणाले.

"मंग मी सकाळधरनं काय बोंबलून राहिलो?"

समितीनं माना डोलावल्या. साहेबांच्या तांत्रिक जाणकारीचं तोंडभर कौतुक झालं. माझी ऑर्डर वाढली, पेढे वाटले गेले. पण त्या माणसाचं चुकलं म्हणायची काही सोयच उरली नव्हती, आणि त्याचाच मला असा संताप आला की माझा पेढा मी शिपायालाच देऊन टाकला.