वेगळ्या खानदानाचा विषाणू

लातूरहून नांदेडला निघालेल्या एसटीत लोह्याला एक बाई चढली आणि माझ्या शेजारी बसली. खिडकी उघडून, सुपारी कातरत हसतच म्हणाली, "मला एचआयव्ही हाय. उठायचं असंल तर उठा."

मी उठलो नाही. मग ती खुलली.

तिचा नवरा ट्रक चालवायचा. त्याच्याकडून तिला लागण झाली. तो पुढे वारला. नंतर गावात एकाएकी बऱ्याच जणांना एचआयव्ही निघाला आणि सगळ्यांनी तिलाच धरलं. तिला गावचा हातपंपसुद्धा बंद केला. शेवटी तपासणीवाल्यांनी सगळ्यांचं रक्त नेऊन विषाणूंची जनुकं ताडून पाहिली. गावकऱ्यांचे विषाणू एकमेकांचे सख्खे निघाले. गावातला भोंदू डॉक्टर एकच सुई सगळ्यांना टोचत होता, हे चौकशीत कळलं.

"माझा न्हाई जुळला कुनाशी! त्याचं खानदानच येगळं निघालं," मांडीवर थाप मारून ती म्हणाली.

"मग गावाला लाज वाटली असेल?"

"वाटली की. पर लाजून काय गोळ्या सुरू होतेत व्हय? समदे दवाखान्याला भिऊन राहिले."

नांदेड आलं. ती उठून मागच्या बाकांकडे वळली. "चला, उतरा! डाक्टरीणबाईशी मी बोलते."

रुमालानं तोंडं झाकलेले चार-पाच गावकरी मुकाट्यानं तिच्या मागं उतरले.