भांगाला होड्या किनाऱ्यालाच

सरकारी शिक्क्याचं प्रमाणपत्र तुमच्या टेबलावर आहे आणि समोर उभी असलेली मासळीवाली सांगते आहे, ‘सायेब, ह्यो कागद खोटा हाय.’ तुम्ही कोणावर विश्वास ठेवाल? मी कागदावर ठेवला. ते चार दिवस निवृत्तीनंतरही माझा पिच्छा सोडत नाहीत.

पनवेल भागातल्या एका ठाण्यात तेव्हा माझी नेमणूक होती. एसटी स्टँडजवळ टायपिंग-झेरॉक्सचं दुकान चालवणारा एक गृहस्थ फिर्याद घेऊन आला. त्याने लिहिलेलं खाडीवरचं पुस्तक एक कोळीण मच्छी मार्केटात स्वतःच्या नावाने विकते आहे, असं त्याचं म्हणणं होतं. पुरावा म्हणून त्याच्याकडे कॉपीराइट नोंदणीचं प्रमाणपत्र होतं आणि नोंदणीसाठी दिलेल्या हस्तलिखिताची प्रत होती. गुन्हा दखलपात्र. मी एफआयआर नोंदवला, पंचनामा करून तिच्या टोपलीशेजारच्या सगळ्या प्रती जप्त केल्या आणि तिला चौकशीची नोटीस बजावली. भर बाजारात, तिच्या जन्माच्या शेजारणींसमोर.

ती रोज सकाळी येऊन बाकावर बसे. पन्नाशीची, चौथी शिकलेली. तिचा जबाब सरळ होता. खाडी, जाळी, भरती-ओहोटी यावर तिने सात वह्या लिहिल्या. त्या याच दुकानात टायपिंगला दिल्या. पहिलं टायपिंग चुकांनी भरलेलं होतं. तिने लेकीला शेजारी बसवून ते दुरुस्त करून घेतलं, फाइल घेतली आणि दुसऱ्या छापखान्यातून स्वखर्चाने पुस्तक काढलं.

“वह्या कुठे आहेत?”

“त्याच्याकडंच. मागाय गेलं का म्हनतो, हरवल्या.”

“दिल्याची पावती?”

“वह्यांची कसली पावती, सायेब?”

फिर्यादी दिवसाला दोनदा चक्कर मारी. “साहेब, बाई अजून बाहेर कशी?” वरिष्ठांचेही फोन येत. प्रमाणपत्र आहे, मुद्देमाल आहे, अटक का थांबवली? माझ्याकडे सांगण्यासारखं कारण नव्हतं. होती ती नुसती धाकधूक. अटक डोक्यावर असलेला माणूस स्वतःच्या सुटकेचं विचारतो. ही रोज एकच विचारी, “त्या पुस्तकांवर पानी पडत नाय ना?” शुक्रवारपर्यंत काही सापडलं नाही तर तिला अटक करावी लागणार होती. मार्केटात तिला ‘चोरटी लेखिका’ म्हणायला सुरुवात झालीच होती. तिच्या लेकीने मार्केटात येणं बंद केलं होतं.

गुरुवारी दुपारी आमचे हवालदार नोंदणीची प्रत चाळत होते. एकदम हसले. “मावशी, हे काय? ‘भांगेत होड्या किनाऱ्यालाच असतात.’ भांग ढोसून पडता की काय सगळे?”

ती चार दिवसांत पहिल्यांदा चिडली. “तू ढोसून आलायस. भांगेत नाय रं, भांगाला! अष्टमीच्या आसपास भरतीला जोर नसतो, पानी ओढत नाय, तवा डोलीत मासळी येत नाय. त्या दिसांना आमी भांग म्हनतो. ह्या मेल्यानं पहिल्या टायपिंगला असंच करून ठेवलेलं. मी लाल पेनानं सुदारलं.”

मी जप्त केलेली प्रत उघडली. तिथे ‘भांगाला’ होतं. शिक्क्याच्या प्रतीत ‘भांगेत’.

फिर्यादीला बोलावलं, चहा दिला. “तुमचं पुस्तक वाचतोय. हे भांगेचं जरा समजावून सांगा.”

तो खुलला. “साहेब, कोळी लोक सणाला भांग घेतात. मग होड्या कोण नेणार?”

“पण पुढचं वाक्य आहे, ‘दर पंधरवड्याला तीन-चार दिवस.’ पंधरवड्याला सण असतो?”

त्याने कप बशीत ठेवला. “तिकडचे लोक... जास्त घेत असतील.”

“आणि डोल म्हणजे?”

“ढोलच की. टायपिंगची चूक.”

डोल म्हणजे खाडीच्या ओढीत लावायचं पिशवीसारखं जाळं. पुस्तकातली तीन प्रकरणं त्याच्यावर होती. मी पुढे काही विचारलं नाही, पंच बोलावले. दुकानाच्या पोटमाळ्यावर रद्दीच्या गोणीत पाच वह्या मिळाल्या. दोन गेल्या त्या गेल्याच. लाल पेनाची प्रुफंही तिथेच होती.

आम्ही कोर्टात अहवाल दिला, प्रती तिला परत मिळाल्या. नोंदणीतली खोटी नोंद मात्र पोलीस खोडू शकत नाहीत. त्यासाठी तिला स्वतंत्र कोर्टकचेरी करावी लागली. प्रती उचलताना तिने विचारलं, “अर्ज भरायचा असतो, ह्ये आमाला कुनी कवा सांगितलं?”

तो प्रश्न आठवला की आजही चीड येते. लिहिता क्षणीच हक्क लिहिणाऱ्याचा होतो, असं कायदाच सांगतो. नोंदणी हा फक्त त्याचा पुरावा. पण तो पुरावा कम्प्युटर असणाऱ्याच्या हाती आधी पडतो, वही असणाऱ्याच्या हाती नंतर. मग माझ्यासारखा अधिकारी शिक्का बघतो आणि वही लिहिणाऱ्या बाईला बाकावर बसवतो.

म्हणून सांगतो. वह्या टायपिंगला देण्याआधी पानापानाची झेरॉक्स काढा, दिल्याची सही घ्या, नोंदणीचा अर्ज स्वतःच्या नावाने भरा. अर्ज ऑनलाइन भरता येतो. आणि तुमच्या पाड्यावर, तुमच्या बाजारात कोणी वही लिहीत असेल आणि तिला अर्ज भरता येत नसेल, तर या आठवड्यातली एक दुपार तिच्याशेजारी बसा. अर्जातला लेखकाचा रकाना तिलाच विचारा आणि ती सांगेल तसाच भरा.